घाडीमामा सिलिंडर उघडतात

मी सिलिंडर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे असं कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मग आमचा गॅसचा नंबर लवकर लागेल का?" तो सिलिंडर नव्हे हो. क्रेनचा हात वर जातो, डंपरची पाठ उचलली जाते, ती ज्याच्या जोरावर, तो हा सिलिंडर. एक जाड लोखंडी नळी, तिच्यात तेल, आणि तेलाच्या दाबाने आतबाहेर होणारा चकचकीत रॉड. तेल निसटू नये म्हणून आत रबराची सीलं. मशीन म्हातारं झालं की सीलं झिजतात, रॉडवर चरे पडतात, आणि तो सिलिंडर भायखळ्याला आमच्याकडे येतो. आम्ही तो उघडतो, धुतो, घासतो, नवी सीलं घालतो आणि परत पाठवतो. इतकंच काम.

पण हे इतकंच काम बावीस वर्षं बघितलं की किस्से साठत जातात. मुद्दाम कुणी साठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत कुणी तरी "तो क्रेनवाला आठवतो का" म्हणतं आणि डबा खाऊन झाला तरी विषय संपत नाही. आणि आमच्याकडचा कुठलाही किस्सा घ्या, मधोमध एकच माणूस उभा असतो. आमचे हेडफिटर वसंत घाडी. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला चाळीत, वडील गिरणीत होते. मालक सामंतसाहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात.

*

माझा पहिला दिवस. डिप्लोमा करून नुकतीच बाहेर पडले होते. मापं घ्यायला आणि ड्रॉइंग काढायला सामंतसाहेबांनी मला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात ताईचं लग्न झालेलं, त्यामुळे हाताला मेंदी आणि ही लांब लांब नखं, वर मरून रंगाचं नेलपॉलिश. मामांनी माझ्या हातांकडे एकदा बघितलं. मला वाटलं, झालं, आता ऐकवणार.

त्यांनी माझ्या उंचीचा एक रॉड दोन स्टँडवर आडवा ठेवला. "यात एक चरा आहे. शोध."

मी टॉर्च घेतला, भिंग घेतलं. अर्धा तास वाकून बघत होते. क्रोम केलेला रॉड आरशासारखा असतो. मला त्यात फक्त माझंच घामाघूम तोंड दिसत होतं. शेवटी म्हटलं, "मामा, नाही सापडत."

"डोळे मीट. नख फिरव."

मी डोळे मिटले आणि एका टोकापासून नख सरकवत नेलं. मध्याच्या थोडं पुढे नखाला टिक् झालं. एवढंसं. मी तिथेच बोट धरून ठेवलं. मामांनी खडूने खूण केली, मग त्याच जागेवर स्वतःचं नख फिरवलं, आणि मान हलवली.

"माका लागत नाय," ते म्हणाले. "इतकी वर्षं रॉकेलमध्ये हात घालून माझी नखं गेली. गेलं वर्षभर मी अंदाजाने सांगतोय."

मग वरच्या केबिनकडे बघून ओरडले, "साहेब, हिला ठेवून घ्या. आणि नखं कापायला सांगू नका."

पुढे एकदा ऑडिटला आलेल्या माणसाने मापाच्या उपकरणांची यादी मागितली. मामांनी मायक्रोमीटर दाखवला, डायल गेज दाखवला, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला पुढे केलं.

*

मामा सहसा कुणाला शिव्या देत नाहीत. एकदाच दिल्या.

बंदरावरच्या एका जुन्या क्रेनचा सिलिंडर आला होता. मशीन इतकं जुनं की त्याच्यावरची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. मामांनी तो उघडला, पिस्टन बाहेर काढला आणि बघतच राहिले. दोन सीलांपैकी एक उलटं बसवलेलं. इतकी वर्षं सगळा भार दुसऱ्या सीलाने एकट्याने ओढला होता.

"कुठल्या गाढवानं बसवलंय हे?"

सगळं वर्कशॉप गोळा झालं. मामांनी तो पिस्टन हातात धरून दहा मिनिटं सगळ्यांना सुनावलं. घाई केली की असं होतं. मन थाऱ्यावर नसलं की असं होतं. सीलाचं तोंड कुठल्या बाजूला हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देणाऱ्यालाच धरलं पाहिजे. वगैरे.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. सिलिंडर बंद करण्याआधी प्रत्येक फिटर पिस्टनच्या पाठीवर आपली खूण ठोकतो, म्हणजे काम कुणाचं ते कळतं. मामा म्हणाले, "पूस बघू ती बाजू. बघूया कोण हा शहाणा."

मी रॉकेलच्या फडक्याने पुसलं. अक्षर उमटलं. मी पिस्टन मामांच्या पुढे धरला.

'घा'.

मामांनी चष्मा लावला. जवळ घेऊन बघितलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

"तेव्हा," मामा म्हणाले, "माझं लग्न ठरत होतं."

मग हातोडी आणि पंच मागवला, नवं सील स्वतःच्या हाताने सुलटं बसवलं आणि त्या 'घा'च्या शेजारी दुसरा 'घा' ठोकला.

*

अँटॉप हिलला चव्हाण नावाच्या कंत्राटदारांचं काम चालू होतं. त्यांच्याकडे एक जुना एक्स्कॅव्हेटर. त्याचा रोग असा की हात वर करून ऑपरेटर जेवायला बसला की जेवण होईतो हात हळूहळू खाली येऊन टेकायचा. चव्हाणांनी दोन ठिकाणी सीलं बदलून घेतली होती. काही फरक नाही. मग ते आमच्याकडे आले. "मामा, माणसं आणा, उचलायला चेनब्लॉक आणा, सिलिंडर काढून न्या आणि एकदाचं काय ते करा."

मामांनी माणसंही नेली नाहीत आणि चेनब्लॉकही नाही. मला घेतलं, दोन पाने घेतले, आणि नाक्यावरच्या चहावाल्याकडून काचेचा एक ग्लास मागून घेतला.

साइटवर गेल्यावर हात वर करायला लावला, इंजिन बंद केलं, सगळ्यांना लांब उभं केलं. सिलिंडरला दोन पाइप असतात, एक खालच्या टोकाला आणि एक वरच्या. मामांनी वरचा पाइप सोडवला, त्या तोंडाखाली चार विटा रचल्या, विटांवर ग्लास ठेवला, आणि सावलीत जाऊन बसले.

"चहा सांगा," म्हणाले.

चव्हाण दहा मिनिटं थांबले. "मामा, काम कधी सुरू करताय?"

"सुरू आहे."

हात नेहमीसारखा खाली येत होता. वीसेक मिनिटांनी बकेट जमिनीला टेकली. मामा उठले, ग्लास उचलला, उलटा करून चव्हाणांना दाखवला. एक थेंब नव्हता.

"सील गेलं असतं तर खालचं तेल सीलाच्या बाजूने वर चढलं असतं आणि या ग्लासात पडलं असतं. ग्लास कोरडा. हात तरी खाली आला. म्हणजे तेल खालच्या पाइपाने मागे पळतंय. तुमचा व्हॉल्व्ह गेलाय. सिलिंडर ठणठणीत आहे."

चव्हाणांचा चेहरा पडला. "म्हणजे दोनदा उगाच उघडला?"

"हो."

"पण मामा, आता आलाच आहात तर एकदा उघडून बघून तरी घ्या. समाधान."

मामांनी ग्लास पिशवीत ठेवला. "चव्हाणसाहेब, दाढ दुखत होती आणि दोनदा डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तिसऱ्यांदा मी नाही करणार."

*

वाकलेला रॉड सरळ करणं हे बघायला एकदम सोपं काम. प्रेसखाली ठेवायचा, दाबायचा. एका कंपनीचा इंजिनियर स्वतःचा रॉड घेऊन आला होता, हुशार होता, लॅपटॉपवर किती टन दाब लागेल ते काढून आणलं होतं. तेवढा दाब दिला. डायल लावला, रॉड सरळ. तो म्हणाला, "झालं, गाडीत टाका."

मामा म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी डायल लावला तर रॉड पुन्हा केसभर वाकलेला. इंजिनियर हिशेब परत तपासायला लागला. मामा म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे. पण दम दिला म्हणून तो तुमच्यासमोर सरळ उभा राहिला. पाठ फिरल्यावर परत तसाच. थोडं दाबायचं, सोडायचं, त्याला बसू द्यायचं."

तीन दिवस लागले. तो इंजिनियर आता मोठ्या हुद्द्यावर आहे. अजून त्याच्याकडून रॉड येतात. सोबतच्या कागदावर काम काय करायचं ते लिहिलेलं असतं आणि खाली एकच शब्द, 'सावकाश'.

*

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला छातीच्या उंचीवर एक गोल भोक आहे. आरपार, मागच्या गल्लीत निघणारं. पावसाळ्यात तिथून पाणी यायचं आणि माझे कागद भिजायचे. मी दोनदा सामंतसाहेबांना सांगून प्लास्टरवाला बोलावला, दोन्ही वेळा मामांनी त्याला परत पाठवला. "राहू दे ते," एवढंच म्हणायचे. मला वाटलं वाऱ्यासाठी असेल.

एका बोटीच्या दुरुस्तीचा सुपरवायझर आला होता, डिसोझा नावाचा. बोट खोळंबली होती आणि तिच्या सिलिंडरमधला पिस्टन आत गंजून घट्ट बसलेला. सकाळपासून हलत नव्हता. डिसोझा म्हणाला, "कॉम्प्रेसर आहे ना तुमच्याकडे? मागून हवा मारा, फट्कन बाहेर येईल. सगळीकडे असंच करतात." आणि त्याने स्वतःच हवेचा पाइप ओढत आणला.

मामांनी जाऊन कॉम्प्रेसरचा प्लग काढला आणि तो हातातच धरून उभे राहिले.

डिसोझा चिडला. त्याने सामंतसाहेबांना खाली बोलावलं. साहेब बिचारे मध्ये सापडले. "मामा, बघा की जरा. त्यांना खरंच घाई आहे."

मामांनी प्लग खिशात टाकला. त्यांनी डिसोझाचं मनगट धरलं, त्याला मागच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाले, "हात घाला आत."

डिसोझाने हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोटं मागच्या गल्लीत.

"असाच अडकला होता. आम्ही हवा मारली. हवा दबते, दबते आणि एकदम सोडते. रॉड इथून गेला. पलीकडे पानवाला बसायचा, तो त्या दिवशी गावाला गेला होता."

डिसोझाने हात तसाच ठेवून विचारलं, "आणि इथे, भोकासमोर कोण होतं?"

"मी," मामा म्हणाले. "खाली पडलेला पाना उचलायला वाकलो होतो."

डिसोझाने हात बाहेर काढला. हवेचा पाइप त्याने स्वतःच गुंडाळून जागेवर ठेवला. मग आम्ही नळीत तेल भरलं आणि हातपंपाने एक एक दट्ट्या मारत राहिलो. संध्याकाळी पिस्टन बाहेर आला, कपाटाचा खण ओढावा तसा, आवाजसुद्धा न करता.

प्लास्टरचा विषय मी परत काढला नाही.

*

मामांना काम करताना शेजारी कुणी उभं राहिलेलं खपत नाही. मालक असले तरी. अपवाद एकच, वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाय.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. बोटी समुद्रात जायच्या तयारीत. हिराबायचे घरधनी आजारी, त्यामुळे बोटीचं सगळं ती बघत होती. जाळं ओढणाऱ्या विंचचा सिलिंडर गोणपाटात गुंडाळून ती टॅक्सीतून घेऊन आली, कमरेला पदर खोचलेला, आणि सरळ मामांच्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसली.

"माझ्यासमोर उघडा."

आमची माणसं एकमेकांकडे बघून हसली. मामांनी मात्र पाना उचलला. तिने प्रत्येक गोष्ट विचारली. हे काय, ते कशाला, हे झिजलं की काय होतं. मामा सांगत गेले. रॉडवरचे खाऱ्या पाण्याचे डाग पॉलिश झाले, नळी आतून घासून झाली. मी शेल्फवरून नव्या सीलांचं पाकीट आणलं, फोडलं, आणि एक सील टेबलावर ठेवलं.

हिराबायने ते उचललं. अंगठ्याने दाबलं. वास घेतला. पुन्हा दाबलं.

"ह्यो शिला हाय."

मी म्हटलं, "मावशी, बंद पाकिटातलं आहे. कंपनीचं आहे. आत्ता तुमच्यासमोर फोडलं."

"बरफातला मासा पन शिला असतो," ती म्हणाली.

कुणी तरी हसलं. मामांनी तिच्या हातातून सील घेतलं, दिव्याखाली नेलं आणि जोरात वाकवलं. कडेला केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. एक, दोन, मग सगळीकडे.

हसणं थांबलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. स्टॉक माझ्याकडे होता. ते पाकीट शेल्फच्या मागच्या बाजूला किती दिवस पडलं होतं ते मला सांगता येईना. बोट भर समुद्रात, जाळं पाण्यात, आणि विंच घसरायला लागला तर काय झालं असतं, ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. 

"शेल्फ खाली काढ," मामा म्हणाले. "सगळं."

आम्ही सगळी पाकिटं टेबलावर ओतली. मामांनी हिराबायला विचारलं, "मावशी, वेळ आहे ना?" ती पदराने हात पुसून बसली आणि बाजारात टोपली निवडावी तशी एक एक सील अंगठ्याने दाबून बाजूला टाकू लागली. "ताजा. ताजा. शिला. ह्यो तर कुजलाय." मामा तिच्यामागोमाग प्रत्येक सील वाकवून बघत होते. ती एकदाही चुकली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख लागते, ती मीच घालते. पण हिराबाय दर वर्षी येते, आणि तिचा सिलिंडर उघडण्याआधी मामा स्वतः सीलांचा ट्रे तिच्यापुढे ठेवतात. "मावशी, एकदा हात फिरवा."

*

आता शेवटचा. हा वर्कशॉपमध्ये घडला नाही, मामांच्या चाळीत घडला, आणि तिथे मी होते म्हणून सांगते.

रविवार होता. मामींनी मला जेवायला बोलावलं होतं, कोंबडी-वडे. दुपारचे बारा वाजले असतील. शेजारच्या प्लॉटवर जुनी चाळ पाडून टॉवरचं काम सुरू होतं आणि रविवार असूनही एक एक्स्कॅव्हेटर चालू होता. एकदम मोठा आवाज झाला. सगळी चाळ गॅलरीत आली.

पाडायचा राहिलेला जिन्याचा एक भलामोठा स्लॅब कलंडला होता. त्याच्याखाली साइटचा वॉचमन गणपत सापडला होता. चाळीत सगळे त्याला ओळखायचे, रोज आमच्याच नळावर पाण्याची बाटली भरायला यायचा असं मामी म्हणाल्या. एक्स्कॅव्हेटरचा ऑपरेटर सलीम, त्याने प्रसंगावधान राखून स्लॅबच्या कडेखाली बकेट घातली होती आणि तो वरच्या वर धरून ठेवला होता. त्यामुळे गणपत जिवंत होता. पण त्याचा पाय स्लॅबच्या सळयांत अडकला होता. सळया कापल्याशिवाय त्याला ओढता येत नव्हतं. फायर ब्रिगेडला फोन गेला होता.

आणि तेवढ्यात, तो सगळा भार पेलताना, एक्स्कॅव्हेटरच्या सिलिंडरला बुडाशी जिथे पाइप येऊन मिळतो तिथे तडा गेला. तेलाची धार उडायला लागली.

मामा बनियन-लेंग्यावर होते, तसेच धावले. मी मागोमाग.

"सलीम, लिव्हर सोडू नको. इंजिन चालू ठेव," मामा ओरडले. "पंप तेल देतोय तोवर हात वर राहील."

"मामा, टाकी खाली होतेय."

साइटवर एक राखीव कॅन होता, तो ओतून संपला. दोघं-तिघं फडकी घेऊन धार बांधायला पुढे सरसावले, मामांनी त्यांना मागे ढकललं. "हात लावू नका. ती धार मांस कापते." रविवार. दुकानं बंद. आमचं वर्कशॉप भायखळ्याला, कुलपात. गणपत फक्त बकेटकडे बघत होता. ती बोटभर खाली आली आणि सलीमने परत वर घेतली.

मामा वळले. वर चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. मामांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"तेल आणा. घरात असेल ते. खायचं तेल."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग मामी आत गेल्या आणि पाच लिटरचा कॅन घेऊन जिना उतरायला लागल्या. त्यांच्यामागे शेजारची. मग सगळी दारं. जिन्यावर रांग लागली, हातोहात पिशव्या, बरण्या, किटल्या खाली यायला लागल्या. तळमजल्यावरच्या वाण्याने अर्धं शटर वर करून पत्र्याचे डबे बाहेर सरकवले. मी मशीनवर चढून टाकीच्या तोंडाशी बसले होते. तोंडावर माझी ओढणी गाळणीसारखी धरली होती आणि ओतत होते. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, जे हातात येईल ते. ओढणीतून तेल झिरपायला वेळ लागायला लागला तेव्हा मामा म्हणाले, "काढ ती. सरळ ओत."

मी विचारलं, "मामा, पंपाला चालेल हे?"

"आज चालेल."

शेवटच्या खोलीतल्या आजी समईचं तेल घेऊन आल्या, एवढीशी बाटली. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्याकडे दिली. मी तीही ओतली.

किती वेळ गेला माहीत नाही. लोक नंतर म्हणाले चाळीस मिनिटं. मला आठवतं ते एवढंच की कॅन संपत होता आणि खालून दुसरा हात वर येत होता. फायर ब्रिगेडची माणसं आली, त्यांनी सळया कापल्या, गणपतला बाहेर ओढला. पाय मोडला होता, पण पाय होता. त्याला स्ट्रेचरवर घेऊन सगळे पार मागे गेल्यावर मामा सलीमच्या केबिनशी गेले.

"आता सोड."

स्लॅब खाली बसला आणि जमीन हादरली. सलीमची बोटं लिव्हरवर तशीच आवळलेली होती. त्याला ती उघडता येईनात. मामांनी एक एक करून सोडवली.

सगळ्या गल्लीला तळणाचा वास सुटला होता. त्या दिवशी चाळीत कुणाकडे धड स्वयंपाक झाला नाही. आमचे वडे राहिलेच. कोंबडी आम्ही पावाबरोबर खाल्ली.

तिसऱ्या दिवशी तो सिलिंडर आमच्याकडे आला, सोबत टाकीच्या तोंडाची बारीक जाळी, धुवायला. सगळं वर्कशॉप टेबलाभोवती उभं होतं. मामांनी कुणाला मागे सरका म्हटलं नाही. सिलिंडर उघडला, आतून पिवळंधमक तेल परातीत पडलं. सीलं थोडी फुगली होती, बाकी सगळं शाबूत. मग त्यांनी ती जाळी उचलली आणि वर्तमानपत्रावर दोनदा आपटली.

कागदावर चार काळे दाणे पडले. मामांनी चष्मा लावला, एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला आणि उजेडाकडे धरला. मोहरी. तडतडलेली.

"कोणी तरी," मामा म्हणाले, "गॅसवरची फोडणी उचलून आणली होती."